नानांचा च्या आणि सेन्सेइंचा ओचा

"अगं, ह्यात पालक घोटून घातलाय का काय?"

माच्चाचा वाडगा पहिल्यांदा हातात घेतल्यावर माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, विचारलेला हा प्रश्न. गोष्ट गेल्या वर्षीच्या दिवाळीची. नाना पहिल्यांदाच कऱ्हाडहून तोक्योला आले होते. निशी-कासाईच्या आमच्या घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले, देव्हाऱ्यापुढे हात जोडले आणि टेबलाशी बसले. मी मोठ्या हौसेनं हिरवागार, फेसाळ माच्चा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी एक घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला आणि औषध गिळावं तसा गिळला. मग स्वयंपाकघराकडे बघत हळूच म्हणाले, "च्या न्हाई व्हय?"

मंडळी, आपल्यापैकी ज्यांनी ज्यांनी भारतातून आलेल्या आई-वडिलांना किंवा सासू-सासऱ्यांना कौतुकानं माच्चा पाजला असेल, त्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. पण माझ्या बाबतीत गंमत थोडी वेगळी होती. माझे वडील चहातले जाणकार. साधेसुधे नव्हेत, पक्के धंदेवाईक. आणि ही गोष्ट मी जपानमध्ये पंधरा वर्षं कुणालाही सांगितली नव्हती. मंडळातसुद्धा नाही.

च्यावाल्याची पोर

नाना मूळचे माण तालुक्यातले. १९७२च्या दुष्काळात गाव सुटलं. काही महिने खडी फोडली, मग कऱ्हाडला एका हॉटेलात कपबश्या विसळल्या आणि १९७५ साली एस.टी. स्टँडजवळ स्वतःचं हॉटेल टाकलं. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी, दोन पातेली आणि गाळायचं फडकं. पहाटे चारला भट्टी पेटायची. ते हॉटेल त्यांनी ४२ वर्षं चालवलं. २०१७ साली रस्ता रुंद झाला आणि त्यात ते गेलं. त्या दिवसापासून नानांनी चहाच्या पातेल्याला हात लावला नाही. आई होती तोवर ती करून द्यायची. ती गेल्यावर वहिनी. नाना कप घ्यायचे, प्यायचे, चांगला-वाईट काही बोलायचे नाहीत.

त्या हॉटेलानं आम्हा तिघा भावंडांची शिक्षणं केली. पण शाळेत मला "च्यावाल्याची पोर" म्हणायचे आणि ते मला टोचायचं. मी घरचा "च्या" पुसून जिभेवर "चहा" आणला, शहरात कॉलेज केलं, लग्न करून २००९ला तोक्योला आले. इथे सगळ्यांचे वडील बँकेतले, शाळेतले, सरकारी नोकरीतले. मी म्हणायची, "बाबांचा व्यापार आहे."

२०१३ साली एका शेजारणीच्या ओळखीनं मी चानोयूच्या, म्हणजे जपानी चहाविधीच्या वर्गाला जायला लागले. उरासेन्के परंपरेतल्या एक वयस्क बाई स्वतःच्या जुन्या लाकडी घरात दर शनिवारी पाच-सहाजणींना शिकवायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हणाले, "शोबाई." व्यापार. सेन्सेइंनी मान हलवली आणि विषय संपला. माझ्यापुरता तो अकरा वर्षं संपलेलाच होता. चहाच्या खोलीत बसून चहा करायला शिकत होते आणि जन्मभर चहा केलेल्या माणसाचं नाव घेत नव्हते. लिहिताना आज लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

उजीला जातं फिरवताना

दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरच्या सुरुवातीला आम्ही नानांना क्योतोला नेलं आणि तिथून नारा लाइननं उजीला. उजी म्हणजे जपानी चहाचं कोल्हापूर-गुळासारखं समीकरण. स्टेशनातून बाहेर पडलं की भाजलेल्या चहाचा वास येतो. नानांनी वाकून-वाकून वास घेतला आणि कऱ्हाड सोडल्यापासून पहिल्यांदाच खुलले. दहा येनच्या नाण्यावर ज्याचं चित्र आहे ते ब्योदोइन देऊळ इथलंच, १०५३ साली बांधलेलं. नानांनी खिशातलं नाणं काढून देवळाशी ताडून पाहिलं. उजी पुलाच्या टोकाला ११६० सालापासूनचं म्हणवणारं चहाचं दुकान आहे. तिथे मात्र नाणं-बिणं विसरून ते नुसते उभे राहिले. "इतकी वर्षं एकाच जागी," एवढंच म्हणाले.

चहाच्या मळ्यात तेव्हा झुडपांना पांढरी, पिवळ्या केसरांची छोटी फुलं आली होती. झुडपांवर उभे केलेले सांगाडे मोकळेच होते. एका दुकानातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांचं काम समजावून सांगितलं, मी भाषांतर केलं आणि नाना प्रश्न विचारत राहिले. त्या संभाषणात मलाच अकरा वर्षांत कळलं नव्हतं इतकं कळलं.

झाड तेच, आपल्या आसामच्या चहाच्या गोतातलं. फरक पुढच्या कारभारात. वसंतात कोवळे कोंब फुटले की माच्चासाठीची झुडपं तीन आठवडे किंवा जास्तच झाकून ठेवतात. पूर्वी बोरूच्या चटया आणि त्यावर भाताचा पेंढा घालत, आता बहुतेक ठिकाणी काळं जाळीदार कापड. ऊन मिळालं की पानातल्या गोडसर चवीच्या थिआनिनचं रूपांतर तुरट कॅटेचिनमध्ये होतं. ऊन अडवलं की ते थांबतं, पान मऊ राहतं, आणि मिळेल तेवढा उजेड धरून ठेवण्यासाठी हरितद्रव्य वाढून गडद हिरवं होतं. मे महिन्यात खुडणी. खुडलेली पानं त्याच दिवशी काही सेकंद वाफवतात, म्हणजे ती काळी पडत नाहीत. रोजच्या सेंचाची पानं मग वळतात, माच्चाची वळत नाहीत. ती हवेनं उडवून सुटी करून विटांच्या भट्टीत सुकवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात. जे उरतं ते तेंचा. तो दगडी जात्यावर दळला की माच्चा.

दुकानात एक हातजातं ठेवलं होतं. नाना त्याच्यापुढे मांडी घालून बसले. घरी आजीबरोबर त्यांनी लहानपणी दळलेलं. जोरात फिरवायला लागले तर गृहस्थ घाबरून म्हणाले, "सावकाश, सावकाश!" जातं भरभर फिरलं तर दगड तापतो आणि चहाचा वास जातो. एका जात्यातून तासाला साधारण ४० ग्रॅम माच्चा पडतो, म्हणजे वीसेक वाडग्यांपुरता.

"तासाला वीस कप?" नाना हसायलाच लागले. "आमच्याकडं पुण्याची गाडी लागली की पाच मिनिटांत वीस!"

मी हे भाषांतर करणार नव्हते. "काय म्हणाले?" असं गृहस्थांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "छान आहे म्हणतात." सवय इतक्या सहज जात नाही.

त्या शरद ऋतूत जगभर माच्चाची मागणी अचानक वाढली होती आणि दुकानांतले डबे रिकामे होत होते. फळीवर पाटी लागली होती, माणशी एकच डबा. नानांनी पाटीचा अर्थ विचारला आणि खूश झाले. "म्हणजे कंट्रोलची साखर! आम्हीबी तसंच काढलंय की. साखर न्हाई मिळाली तर गुळाचा च्या करायचा, पण गिऱ्हाईक परत न्हाई पाठवायचं." इथे मात्र गुळाची सोय नाही. नवं झुडूप लावलं तर तोडणीला यायला चार-पाच वर्षं लागतात, आणि मळ्यांत राबणारी माणसं म्हातारी होत चालली आहेत.

चीनहून आलेला, जपाननं राखलेला

चहाची पूड गरम पाण्यात घुसळून प्यायची रीत मुळात चीनमधली, सोंग घराण्याच्या काळातली. एइसाई नावाचा बौद्ध भिक्षू ११९१ साली चीनहून परतताना झेन पंथाबरोबर चहाचं बीही घेऊन आला असं मानतात. त्यानं चहाच्या आरोग्यगुणांवर 'किस्सा योजोकी' हा ग्रंथ लिहिला आणि १२१४ साली दारूनं डोकं धरलेल्या शोगुनला चहाबरोबर तो दिला. पुढे चीनमध्ये मिंग सम्राटानं १३९१ साली दाबून केलेल्या चहाच्या वड्यांचा नजराणा बंद केला, सुट्या पानांचा चहा रूढ झाला आणि घुसळण्याची रीत तिथून जवळजवळ नाहीशी झाली. जपाननं ती धरून ठेवली.

तिला आजचं रूप देण्यात मोठा वाटा सेन नो रिक्यू यांचा (१५२२ ते १५९१). महागड्या चिनी भांड्यांत अडकलेला चहा त्यांनी दोन तातामींच्या मातीच्या भिंतींच्या खोलीत आणला. क्योतोजवळच्या यामाझाकीची ताइआन ही त्यांचीच मानली जाणारी खोली आजही आहे. दार इतकं लहान की सरदारालासुद्धा तलवार बाहेर ठेवून गुडघ्यांवर रांगत आत यावं लागे. आतमध्ये सगळे सारखे. शेवटी सत्ताधीश हिदेयोशीच्या हुकमावरून रिक्यूंना स्वतःचा प्राण द्यावा लागला. आजच्या तिन्ही सेन घराण्यांच्या परंपरा त्यांच्याच वंशातल्या.

शब्दाचीही एक गंमत. आपला चहा आणि जपानी चा, दोघांचं माहेर चीन. जपानी माणूस आदरानं 'ओ' लावून 'ओचा' म्हणतो, पण त्यातला 'च' आपल्या 'चमच्या'तला नाही, 'चिमणी'तला आहे. कानाला ऐकू येतं ते थेट "ओच्या". मी जो उच्चार शाळेत पुसून टाकला होता, तोच माझ्या सेन्सेइंच्या तोंडी होता!

शेवटचा वर्ग

चहाच्या जगात नोव्हेंबरला नवं वर्ष सुरू होतं. मे ते ऑक्टोबर वापरलेली शेगडी बाजूला ठेवून तातामीत खोदलेली हिवाळ्याची चूल, 'रो', उघडतात. मे महिन्यात भरून मुरत ठेवलेल्या बरणीचं तोंडही याच सुमारास फोडायची पद्धत. आपली दिवाळी आणि त्यांचा हा 'रोबिराकी' जवळजवळ हातात हात घालून येतात.

गेल्या वर्षीचा रोबिराकी आमच्या सेन्सेइंचा शेवटचा होता. वय ८४. गुडघे साथ देईनात. मुलगी दुसऱ्या गावी, तिला चहात रस नाही. डिसेंबरमध्ये वर्ग बंद करायचं त्यांनी ठरवलं होतं. "वडील आले आहेत ना? त्यांना घेऊन ये," असा निरोप आला. मी कारणं शोधली, पण नाना ऐनवेळी धोतर-टोपी घालून दारात उभे!

जाताना ट्रेनमध्ये मी त्यांना पाहुण्याचे नियम सांगितले. आधी गोड खायचं, संपवायचं, मग चहा. वाडगा आला की शेजाऱ्याला "तुमच्याआधी घेतो" म्हणून वाकायचं, करणाऱ्याला नमस्कार करायचा. वाडग्याची दर्शनी बाजू ओठाला लागू नये म्हणून तो दोनदा थोडा फिरवायचा. आणि शेवटचा घोट आवाज करून ओढायचा, म्हणजे संपला आणि आवडला हे कळतं.

"फुरका मारायचा?" नाना म्हणाले. "मग ते मला शिकवू नगं."

आधी वाटीत झेनझाइ आलं, म्हणजे लाल अझुकीचं गोड, गरम, पातळ. "हे तर कटात सैल केलेलं पुरण," नानांनी निकाल दिला आणि वाटी चाटूनपुसून संपवली. मग सगळे गप्प झाले. चुलीवर लोखंडी किटली होती आणि तिच्यातून बारीक सूं-सूं येत होतं. जपानीत या आवाजाला 'मात्सुकाझे' म्हणतात, पाइनच्या झाडांतून जाणारा वारा. मी नानांकडे पाहिलं. डोळे मिटून, मान जराशी कलती करून ते ऐकत होते. माझ्या कानात कुजबुजले, "आता खळखळणार न्हाई. बाईनं निखारा बरोबर लावलाय."

सेन्सेइंनी रेशमी फडकं घडी घातलं, चहाची डबी पुसली, बांबूची चमची पुसली. वाडगा गरम पाण्यानं विसळला, त्यात चासेन भिजवून टोकं तपासली, पाणी टाकलं, ओल्या तागाच्या फडक्यानं वाडगा कोरडा केला. सगळं पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत. आधी झाला कोइचा, पातळ पिठल्याइतका दाट. तो घुसळत नाहीत, मळतात. पूर्वी हा एकाच वाडग्यातून सगळे पाहुणे आळीपाळीनं पीत. कोरोनापासून सेन्सेइ प्रत्येकाला वेगळा देतात. त्यांनी ते खंतावून सांगितलं आणि मी नानांना भाषांतर करून सांगितलं.

नाना थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाईंना सांग, आमच्याकडं एके काळी काही हॉटेलांत काही माणसांच्या कपबश्या वेगळ्या ठेवायचे, भायेर. म्या नव्हत्या ठेवल्या. पयल्या वर्षी निम्मं गिऱ्हाईक तुटलं. तुझी आई म्हणली, तुटू दे. मग आपसूक आलं."

हे मला माहीत नव्हतं. ४२ वर्षांत घरात कधी निघालंच नव्हतं, किंवा निघालं असेल तर मी ऐकलं नव्हतं. आणि हे भाषांतर करायचं तर "हॉटेल" म्हणणं भाग होतं. मी अडखळले. सेन्सेइ वाट बघत होत्या. नानांना वाटलं मला शब्द सापडत नाही. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि स्वतःच सांगून टाकलं, "टी. टी हॉटेल. फॉर्टी टू इयर्स."

सेन्सेइंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. त्या नानांकडे वळल्या आणि दोन्ही तळवे तातामीवर टेकून कपाळ लागेल इतक्या वाकल्या. नाना गडबडले, त्यांनी उलट हात जोडले. मग सेन्सेइंनी विचारलं, "ओतोसामा, रोज किती?" "कमीत कमी तीनशे." एका मैत्रिणीनं फोनवर हिशेब केला. वर्षाचे साडेतीनशे दिवस धरले तरी ४४ लाखांच्या वर. खोलीभर "हेएए" असा दीर्घ उद्गार उमटला. सेन्सेइ हसल्या. "मी ५० वर्षं शिकवते आहे, पण यांच्यापुढे अजून शिकाऊच." आणि मग माझ्याकडे बघून, अजिबात रागानं नाही, "तू हे मला का सांगितलं नाहीस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी खाली बघत राहिले. सेन्सेइंनीही परत विचारलं नाही. त्यांनी उसुचा, म्हणजे पातळ माच्चा, घुसळायला घेतला. नानांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि असा काही फुरका मारला की सगळ्या बायका खुदकन हसल्या.

रिक्यूंची एक गोष्ट सांगतात. शिष्यानं चहाचं रहस्य विचारलं. ते म्हणाले, पिणाऱ्याला रुचेल असा चहा कर, पाणी उकळेल असा कोळसा रच, फुलं रानात असतील तशी ठेव, उन्हाळ्यात गारवा आणि थंडीत ऊब दे, वेळेआधी तयार राहा, पाऊस नसला तरी छत्रीची सोय ठेव, बरोबरच्या पाहुण्यांची काळजी घे. शिष्य म्हणाला, एवढं तर मलाही ठाऊक आहे. रिक्यू म्हणाले, मग करून दाखव, मी तुझा शिष्य होतो. सात नियम मी वर्गात पाठ केले होते. पहाटे चारला पेटणारी भट्टी, पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरसाठी बाजूला काढलेला कप, पावसाळ्यात गिऱ्हाइकांसाठी दाराशी ठेवलेल्या दोन जुन्या छत्र्या हे मात्र त्या दिवशी पहिल्यांदा आठवलं.

परतताना स्टेशनच्या वाटेवर नानांनी विचारलं, "बाईंना तू काय सांगितलं व्हतंस?"

मी खरं ते सांगितलं. "व्यापार."

ते चार पावलं गप्प चालले. मग म्हणाले, "च्याबी व्यापारच की."

एवढंच. पुढे कधी विषय काढला नाही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

सात वर्षांनी पातेलं

पुढच्या शनिवारी सेन्सेइंनी बोलावलं. अट एकच, या खेपेला चहा ओतोसामांनी करायचा. मला वाटलं नाना नको म्हणतील. सात वर्षं त्यांनी पातेल्याला हात लावला नव्हता. ते म्हणाले, "आलं कुठं मिळतं हितं?"

निशी-कासाईच्या भारतीय दुकानातून आसामची बारीक पूड आणि वेलदोडे घेतले. आलं आणि दूध सुपरमार्केटमधलं. सेन्सेइंच्या छोट्या स्वयंपाकघरात आम्ही सगळ्या दाराशी दाटीवाटीनं उभ्या. नानांनी आधी पातेलं गरम पाण्यानं विसळून घेतलं. फडकं धुतलं, पिळलं, चौघडी करून खांद्यावर टाकलं. आधण ठेवलं आणि गॅसकडे न बघता मान कलती करून ऐकत उभे राहिले. सेन्सेइंनी माझ्या हाताला हलकेच कोपर लावलं. त्यांनाही दिसलं होतं. आवाज बदलताच आलं ठेचून आत, पूड आत, साखर, शेवटी दूध. एकदा वर येऊ दिलं, उतरवलं, पुन्हा वर येऊ दिलं. फडक्यातून गाळलं आणि हातभर उंचीवरून धार धरली. एक थेंब बाहेर नाही. चहाच्या पेल्यांना बश्या नव्हत्या, म्हणून सेन्सेइंनी लोणच्याच्या छोट्या ताटल्या काढल्या. नानांनी बशीत ओतून, फुंकर घालून कसं प्यायचं ते दाखवलं.

सेन्सेइंनी दोन्ही हातांत ताटली धरली, प्यायली आणि शेवटी नियमाप्रमाणे फुरका मारला. मग औपचारिक जपानीत म्हणाल्या, "केक्को ना ओतेमाए." फार सुंदर चहा केलात. हे वाक्य वर्गात एकमेकींना म्हणून म्हणून आमच्या जिभा गुळगुळीत झाल्या होत्या. त्या दिवशी ते ऐकताना मला घसा आवरता आला नाही. नाना विचारत राहिले, "काय म्हणल्या? साखर जास्त झाली व्हय?" मी या वेळी शब्द न् शब्द भाषांतर केलं.

घरी करून पाहायचा असेल तर

मंडळातल्या मैत्रिणी नेहमी विचारतात म्हणून थोडं कामाचं. माच्चा घेताना रंग पाहा. पिवळट झाक असलेला जुना किंवा हलका. डबा छोटा घ्या, फोडल्यावर महिन्याभरात संपवा. घट्ट झाकून फ्रीजमध्ये ठेवा, पण बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, नाहीतर आत दमट होऊन गुठळ्या होतात.

चासेन म्हणजे बांबूची रवी. नारा जिल्ह्यातल्या ताकायामा गावात पाचशेहून जास्त वर्षं त्या एकाच बांबूच्या तुकड्यातून चिरून करतात. वापरण्याआधी गरम पाण्यात जरा भिजवा, नंतर नुसत्या पाण्यानं धुवा, साबण नको. वाडगा गरम करून पुसा. बारीक गाळणीतून २ ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा माच्चा चाळा. पाणी उकळून दुसऱ्या भांड्यात ओतलं की साधारण ८० अंशांवर येतं. ते ७० मिलिलिटर पुरे. उकळतं ओतलं तर कडू होतो. आता घुसळा, पण ताकासारखं गोल नाही. मनगट सैल सोडून मागे-पुढे, भरभर, पंधरा-वीस सेकंद. चासेनची टोकं तळाला घासू नका. बारीक फेस आला की हळूच उचला आणि लगेच प्या, कारण पूड विरघळत नाही, खाली बसते. त्यात कॉफीसारखंच कॅफिन असतं, म्हणून रात्री नको.

साखर घालायची नाही, आधी गोड खायचं. वागाशी नसेल तर आपली नारळाची वडी उत्तम. वडीतच माच्चा घालायचा असेल तर स्वस्तातला घ्या आणि मिश्रण खाली उतरवल्यावर मिसळा, म्हणजे रंग टिकतो. दूध-साखर घालून प्यायलात तरी कुणी रागावत नाही. नानांनी घालून पाहिली. "आता जरा च्यासारखा लागतोय," म्हणाले.

डिसेंबरमध्ये वर्ग बंद झाला. सेन्सेइ आता मुलीजवळ राहायला गेल्या आहेत. निरोप घेताना त्यांनी नानांसाठी एक नवा चासेन दिला होता. तो कऱ्हाडला देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आहे. उजीचा माच्चा नानांनी आलागेल्याला कौतुकानं पाजून संपवला, त्या डब्यात आता वेलदोडे असतात. रोज चारला गल्लीतली चार म्हातारी माणसं ओसरीवर जमतात आणि त्यांचा चहा वहिनी नाही, नाना करतात.

परवा हा लेख लिहिताना एक तारीख विचारायला मी त्यांना फोन केला. मंडळाच्या दिवाळी अंकात तुमच्या हॉटेलाबद्दल लिहिते आहे, असंही सांगितलं. "हॉटेलाबद्दल काय लिवायचं त्यात," ते म्हणाले. "बरं, सूं-सूं व्हायला लागलं बघ. ठेवतो."